वरशातला शिरीष आणि माझा लोकल पिस्टन

"हा घे तुझा डुप्लिकेट पिस्टन!" म्हणत ठेकेदारानं झाडं कापायचं मशीन, म्हणजे चेनसॉ, माझ्या दुरुस्तीच्या दुकानातल्या टेबलावर आदळलं.

त्याच्या मागं बाळाराम आणि त्याची बायको जानकी उभी होती. मशीन त्यांचं, त्यात नवा पिस्टन मी नुकताच घातलेला. रोह्याजवळच्या वाडीवर राहतात, झाडं उतरवायची कामं जोडीनं करतात. तो कापतो, ती दोर धरते. झाड कुठं पडणार हे तिच्याइतकं कुणाला कळत नाही. जवळच्या वरसे गावात अंगणवाडीच्या छपरावर एक जुना शिरीष वृक्ष कलला होता, ते काम त्यांच्याकडं होतं. फांद्या उतरल्या, खोडाला मशीन लावलं आणि ते बंद पडलं.

"उद्या दुपारपर्यंत झाड खाली आलं नाय तर पेणची गँग बोलावतो. मग पुढची सगळी कामं त्यांनाच," ठेकेदार म्हणाला. "आणि तू रे, लोकल माल घालून गरिबाची मशीनं मारतोस!"

माझं टाळकंच सरकलं. "शेठ, माल लोकल हाय, हात लोकल नाय!"

तो पाय आपटत गेला. बाळारामचं तोंड बघवत नव्हतं. हे मशीन गेलं की ती दोघं पुन्हा नाक्यावर मजुरीला उभी राहणार.

आता लोकल म्हणजे काय ते सांगतो. मूळ कंपनीऐवजी दुसऱ्याच कुणी बनवलेला पार्ट. या जुन्या मॉडेलचा ओरिजिनल पिस्टन-सिलिंडर मिळेनासा झालाय. लोकलमध्ये सोनंही असतं आणि शेणही. मी पेणला जाऊन काउंटरवरच खोके उघडतो आणि सिलिंडरच्या आतून नख फिरवतो. आत पेट्रोल यायला, धूर जायला भोकं असतात. त्यांची कड धारदार असली की पिस्टनची रिंग तिला अडकून तुटते. नख अडकलं की खोका परत. मला बघितलं की तिथला दुकानदार म्हणतो, "आला आमचा शनी!" पसंत पडलेल्याच्या कडाही मी बारीक दगडानं हातानं गोल करतो. पिस्टनची पिन धरून ठेवणारी तारेची क्लिप खोक्यातली फेकून ओरिजिनल घालतो. एवढं केल्यावर माझा लोकल पिस्टन ओरिजिनलच्या खांद्याला खांदा लावतो. कुणापुढंही सांगेन.

सायलेन्सर खोलून आत बॅटरी मारली. पिस्टनवर ओरखडे होते, पण फक्त धुराच्या बाजूला. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायला विसरलं असतं तर चारी बाजूंनी खरवडला असता. रिंग अडकली असती तर एकच खोल रेघ दिसली असती. एकाच बाजूनं भाजलाय म्हणजे पेट्रोल कमी पडलं. या इंजिनात ऑइल पेट्रोलमधूनच येतं. पेट्रोल कमी, तर ऑइल कमी, आणि इंजिन तापतं. माझा पिस्टन चोर नव्हता, उलट त्यानंच मार खाल्ला होता!

सिलिंडर साफ केला, पिस्टन घासून घेतला, नवी रिंग घातली. कार्बोरेटर स्वच्छ, फिल्टर स्वच्छ. दोरी ओढली. काय सुंदर चाललं! आणि थोड्या वेळानं आवाज बारीक होत चढला आणि खलास.

"तिथं पण असंच वरडलं नि मेलं," जानकी म्हणाली.

मी टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स! टाकीनं हवा आत ओढली.

"सापडलं लेका!" मी मांडीवर थाप मारली.

बाटलीला तोंड लावून पाणी ओढत राहिलं की बाटली आत दबते आणि पाणी येईनासं होतं. टाकीचं तसंच. पेट्रोल खाली जाईल तशी हवा आत यायला टाकीजवळ एक बारीक भोक असतं. त्यात सुई घातली, तर लाल चिखल बाहेर आला.

"हे काय गो?"

जानकी वाकून बघायला लागली. "कुंकू हाय ना दादा. नवा पिस्टन घातलात, म्हंजी मशीन नवंच झालं. धुतलं नि हळदकुंकू लावलं. पेट्रोल पितं तिथं जास्त लावलं, त्याचं तोंड ना ते!"

बाळाराम उसळला. "तुला कुणी सांगितलं व्हतं..."

"गप रे! हार घातलेल्या मशीनचा फोटो मला कुणी पाठवला?" मी विचारलं.

जानकीचे डोळे भरले. "म्हंजी मीच मारलं."

"नाय गो. तू मान दिलास. जागा तेवढी चुकली."

मग मी जरा डोकं चालवलं. मोपेडच्या पेट्रोल पाइपचा तुकडा जोडून हवेचा रस्ता वर, हँडलच्या आडोशाला नेला आणि टोकाला छोटा फिल्टर बसवला. शेजारचा मिठाईवाला बोंबलेपर्यंत मशीन टेबलावर चालवलं.

सकाळी दुकान बंद ठेवून मी स्वतः वरशाला गेलो. ठेकेदार हाताची घडी घालून उभा. बाळारामनं खोडाला मशीनचं पातं लावलं. मशीन एकदाही अडखळलं नाही. जानकी दोर धरलेल्या गावकऱ्यांना ओरडली, "आता ताणा!" आणि शिरीष अंगणवाडीशेजारच्या मोकळ्या जागेत आडवा झाला. एका पत्र्याला धक्का नाही. अहो, माझी छाती अशी फुगली की विचारू नका!

"आता कुठल्या कंपनीचा पिस्टन घातलास?" ठेकेदारानं हळूच विचारलं.

"तोच. डुप्लिकेट."

पुढची कामं त्या दोघांकडंच राहिली. ठेकेदाराची स्वतःची मशीनंही हल्ली माझ्याकडंच येतात. पार्टला शिव्या घालण्याआधी झाकण उघडून बघावं, एवढंच त्याला सांगतो.

जानकीच्या मशीनच्या कव्हरवर, भोकापासून लांब, मी कुंकवासाठी पांढऱ्या रंगानं एक गोल काढून दिला. आता दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मशीनवर तो असतो. दसऱ्याला ती ताट घेऊन आली. गोलात नीट बोट टेकवलं. मग माझ्या ग्राइंडरकडं वळली आणि बोट तसंच हवेत धरून थांबली.

"दादा, हा कुठनं श्वास घेतो?"