टोळीचं तेल आणि छकुलीचं नाक

नागपूरहून देवरीची बस धरली तेव्हा मी चिडलेलीच होते. छकुली तीन महिन्यांची. जन्मतःच ओठ दुभंगलेला आणि त्या बाजूची नाकपुडी पार बसलेली. तिच्या टाळूत बसेल अशी पट्टी आमच्या दवाखान्यात मीच बनवून दिली होती. पट्टीला एक बारीक तार, तिचं गुळगुळीत टोक नाकपुडी आतून उचलून धरतं. बाहेरून गालावर चिकटपट्टीने सगळं पक्कं करायचं. या कोवळ्या वयातच नाक ऐकतं. ऑपरेशन महिन्यावर आलं होतं आणि ही मंडळी दवाखान्याच्या दोन खेपा चुकवून बसली होती. असंच चाललं तर ओठ शिवला जाईल, नाक मात्र वाकडंच राहील.

घाईत एक फाटा आधीच उतरले. पुढचा रस्ता ऑटोतून, धानाच्या पोत्यांवर बसून. ऑटोवाला म्हणाला, "मॅडम, थोडा सरकिए." सरकायला जागा होती कुठे? बाहेर कापणी झालेल्या बांध्या (धानाची शेतं), त्यांच्या मागे जंगल.

अंगणात उन्हाला छकुलीची आजी पाय पसरून बसली होती, पायांवर छकुली. टोळीच्या (मोहाच्या बियांच्या) तेलाने अंग चोळून झालं, मग गाल, मग दोन बोटांच्या चिमटीत नाक. पट्टी शेजारी वाटीत पडलेली.

"चिकटूनच नाही राहत, मॅडम," छकुलीची आई सरिता म्हणाली. "लावली का घंटाभरात निघते."

निघणारच. तेलकट गालावर काय चिकटणार, कपाळ माझं!

"आजी, नाक कशाला दाबता?"

"कायले म्हणजे? माझ्या चारी लेकरायचे नाक असेच काढले मी. तुमची पट्टी दवाखान्याची, माझं बोट घरचं." बोलता बोलता तिचे डोळे भरले. माझा राग तिथेच विरला.

"तेल मानेखालीच लावा," मी म्हटलं. "चेहरा बेसनाने धुवायचा, कोरडा करायचा, मग पट्टी. ऑपरेशननंतर टाके सुकले की ओठावर मालिश लागेल. ती तुम्हीच करायची. तोवर नाकाला हात नाही."

आजीने छकुलीला सरिताकडे दिलं. उठून बेसन तिनेच आणलं; गाल धुऊन, कोरडा करून मी पट्टी बसवली.

जेवायला भात आणि पोपटीच्या (वालाच्या) शेंगांची भाजी होती. घासागणिक माझं लक्ष छकुलीच्या गालाकडे. दोनदा दूध पिऊन झालं तरी पट्टी हलली नाही.

निघताना आजी छकुलीला घेऊन रस्त्यापर्यंत आली. सवयीने तिची बोटं नाकाकडे गेली, अर्ध्यात थांबली आणि छकुलीचं पाऊल धरून राहिली. "हात नाही लावून राहिली मी," मी काही म्हणायच्या आत ती म्हणाली.

परतीच्या बसमध्ये वाटत राहिलं, त्या घरात पट्टी कोणालाच नकोशी नव्हती. नाक सरळ व्हावं म्हणून आजी आणि मी दोघीही धडपडत होतो, एकमेकींच्या आड येत.

पुढच्या खेपेला तिघी दवाखान्यात आल्या. पट्टी घट्ट होती, नाकपुडी जराशी उचललेली. सरिता हसत होती. आजीने आपला उजवा हात माझ्यापुढे धरला.

"ऑपरेशन लवकर करा, मॅडम," ती म्हणाली. "बोट थांबून आहे माझं."