व्हरांड्यातली वेताची खुर्ची

दवाखान्यात बाटल्या रिकाम्या होतात आणि किस्से साठत जातात. कापूस संपतो, आयोडीन संपतं, पण किस्से काही संपत नाहीत. बरं, ते सांगायचे कुणाला? पेशंटला सांगावे तर तो घाबरतो, चर्चच्या पाळकांना सांगावे तर ते लगेच प्रार्थनेला उभे राहतात. म्हणून तुम्हाला सांगते.

मी मूळची अनगोळची. लढाई सुरू झाली तेव्हा आमचे हे लष्करात लॉरी ड्रायव्हर म्हणून ब्रह्मदेशाकडे गेले. त्यानंतर मी निपाणीबाहेरच्या एका लहानशा मिशन दवाखान्यात नर्स म्हणून लागले. तिथं आम्ही तिघंच. मी, नगरकडचे कंपाउंडर शामुवेलआप्पा आणि बायबलबाई राहेलआक्का. आक्कांचं काम म्हणजे रांगेतल्या बायकांजवळ बसून शास्त्रातल्या गोष्टी सांगायच्या आणि त्यांच्या गोष्टी ऐकायच्या. ऐकण्याचंच काम जास्त चालायचं.

व्हरांड्यात एक वेताची खुर्ची होती. जुने डॉक्टरसाहेब गावी परत जाताना ती प्रभूसाठी ठेवून गेले होते. तिच्यावर कुणी बसायचं नाही. सकाळची प्रार्थना झाली की आक्का आम्हाला एकेकाला खुर्चीच्या हातावर हात ठेवायला लावायच्या. मनातली काळजी तिथं ठेवायची आणि कामाला लागायचं. संध्याकाळी दिव्याच्या काचा पुसून झाल्या की परत हात लावायचा, आपली काळजी उचलायची आणि घरी जायचं. हळूहळू पेशंटही तसं करायला लागले.

"आन् सांजच्याला सगळी हितंच ठिवू नगा," आक्का बजावायच्या. "अर्धी ठिवा, अर्धी संगं न्या. त्येला पेलत न्हाय म्हणून न्हवं. तुमचाच तोल जाईल."

मला हा सगळा खुळेपणा वाटायचा. चुलीवर सुया उकळताहेत, बाहेर तीस माणसं कण्हताहेत, आणि मी काय खुर्चीला हात लावत बसू? प्रार्थना संपली की मी सुयांचं निमित्त करून आत सटकायचे.

*

ज्या खुर्चीत कुणी बसत नाही तिला झोळ पडायचं कारण नाही. आमच्या खुर्चीला पडायचा. चांगला खोलगट, मध्यभागी.

वेत विणणारा म्हातारा निपाणीहून यायचा, नवा वेत ताणून विणून जायचा. दोन महिन्यांत पुन्हा झोळ. तिसऱ्या खेपेला त्याने हत्यारं खाली ठेवली आणि मला बाजूला घेतलं.

"बाई, ह्यात बसत्यात त्यास्नी सांगा की, जरा बेतानं बसा म्हणावं."

"अहो, हिच्यात कुणीच बसत नाही."

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग त्याने त्या दिवशी दुहेरी वेत विणला.

*

शामुवेलआप्पांना थट्टेची फार खोड. एका दुपारी आक्का विहिरीवर गेलेल्या पाहून ते म्हणाले, "सिस्टर, बघू तरी प्रभूची गादी कशी लागते ती." आणि बसले.

आधी हसत होते. मग हसू ओसरलं. दोन्ही हात मांडीवर आले, बोटं पदर चाळवल्यासारखी हलू लागली. तोंडातून बारीक आवाज निघाला, "एन माडली... एन माडली..."

आता 'काय करू' एवढं कानडी इथं कुणालाही येतं. पण आप्पांना पाणी मागण्याइतकंही कानडी येत नव्हतं, आणि ते थांबेचनात. भराभर कानडीतून बोलत राहिले. मुलीच्या पाठीवरचे वळ, जावई, पुन्हा तिला तिकडं कशी धाडू, असं सगळं. मला निम्मं कळत होतं, निम्मं नाही. रांगेत चिकोडीकडची एक जैन बाई बसली होती. ती उठली, डोक्यावरचा पदर तोंडापर्यंत ओढून म्हणाली, "त्ये माझं हाय. सकाळी ठिवलंतं मी."

आप्पांना हाताला धरून उठवलं. काय बोललो ते त्यांना आठवत नव्हतं. लेकीला मात्र त्या बाईने सासरी पाठवलं नाही. एकदा ते चारचौघांत मोठ्याने बोललं गेल्यावर तिला धीर आला म्हणे.

*

दवाखान्यात खंड्या नावाचा एक कुत्रा होता. दुपारी तो खुर्चीच्या पायाशी बसायचा, मान वर करून, डोळे मिटून. कुणी डोक्यावरून हात फिरवला की कुत्र्याचे कान जसे मागे पडतात, तसे त्याचे कान मागे पडायचे. हा किस्सा एवढाच आहे. पण मी ते बघायचं टाळत असे.

*

तंबाखूच्या वखारीतला मुकादम धोंडीबा बायकोच्या तापाने हैराण झाला होता. आक्कांचं न ऐकता त्याने एका सकाळी सगळीच्या सगळी काळजी खुर्चीवर ठेवली आणि निघून गेला. संध्याकाळी आलाच नाही.

चौथ्या दिवशी फाटकाशी दिसला. नवीन पटका, तोंडात पान, चेहरा कोवळ्या पोरासारखा. मी विचारलं, "बायको कशी आहे?"

"कुणाची?" तो म्हणाला.

आक्का धावत आल्या आणि त्याचं मनगट धरून त्यांनी हात खुर्चीवर दाबला.

"उचल! काळजी म्हंजे नुसतं वझं व्हय रं? त्यात तुझी बायकू बी हाय की!"

तो एकदम खाली बसला आणि हंबरडा फोडून रडला. मग उठला आणि चपला तिथंच टाकून घराकडे पळाला. मी पिशवी घेऊन त्याच्या मागोमाग गेले. ती अंथरुणात पाण्यावाचून पडली होती. वाचली. आणखी एक दिवस गेला असता तर वाचली नसती, हे मी नर्स म्हणून सांगते.

त्या दिवसापासून मीही सकाळी खुर्चीला हात लावू लागले. ह्यांचं पत्र येऊन पाच महिने झाले होते आणि माझे हात कामात थरथरायला लागले होते. पहिल्या दिवशी हात ठेवला तेव्हा सावलीतल्या त्या खुर्चीचा हात उबदार लागला. त्या दिवशी मी एका पोरीच्या कपाळाला पाच टाके घातले, एकही तिरका गेला नाही. संध्याकाळी अर्धी काळजी उचलून घरी नेली. तेवढी पेलत होती. भाकरी खाता येत होती, झोप लागत होती, आणि हे आठवतही होते. असं वर्षभर चाललं.

*

आणि मग लष्कराचं पत्र आलं. हे बेपत्ता होते.

आक्कांनी मला जवळ घेतलं, पण मला जवळ घेतलेलं नको होतं. मी सरळ व्हरांड्यात गेले आणि खुर्चीपुढे उभी राहिले. भर दुपार होती, रांगेत माणसं होती, मला कशाची लाज उरली नव्हती.

"इथं काय नुसता बसून राहिलायस?" मी ओरडले. "इथं आम्ही तिघं आहोत. तिकडं त्यांच्याजवळ कोण आहे? ऊठ, आणि तिकडं जा!"

रांगेतलं कण्हणंसुद्धा थांबलं. खंड्या उठला, फाटकापर्यंत गेला आणि रस्त्याकडे बघत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी खुर्चीचा हात गार होता. पावसाळा गेला, थंडी गेली, वेताला झोळ पडला नाही. खंड्या स्वयंपाकघरामागे झोपू लागला. एकदा आप्पा मुद्दाम खुर्चीत बसून बघायला गेले. काही झालं नाही. उठले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते.

सगळ्यांचाच तोल गेला तेव्हा. आप्पांच्या हातून बाटल्या फुटायच्या, आक्का रांगेत बोलता बोलता गप्प व्हायच्या. मला वाटायचं, देवाला रागाने हाकलणारी बाई मीच. आणि खरं सांगते, तरीही त्याला परत बोलवायची माझी तयारी नव्हती.

*

लढाई संपून बरेच महिने झाले होते. एका सकाळी मी व्हरांडा झाडायला आले तर खंड्या खुर्चीच्या पायाशी बसलेला. मान वर, कान मागे. मी केरसुणी हातात धरून तशीच उभी राहिले. खुर्चीला हात लावायचा धीर झाला नाही.

बाराच्या सुमाराला फाटक वाजलं. खाकी शर्ट, खांद्याला पिशवी, एक पाय ओढत चालणारा माणूस. मी ओळखायच्या आधी आक्कांनी ओळखलं, त्यांनी तर ह्यांना कधी पाहिलंही नव्हतं. हे फक्त हसले. उन्हातून चालून आलेले, दमलेले. आप्पा "अहो, अहो, तिथं नको" म्हणेपर्यंत त्यांनी पिशवी टाकली आणि समोरच्या खुर्चीत बसायला वाकले.

टेकलेच नाहीत. मध्येच थांबले, कुणाच्या मांडीवर बसता बसता सावरावं तसे, आणि चटकन बाजूला झाले. वळून खुर्चीकडे बघितलं, माणसाच्या तोंडाकडे बघावं तितक्या उंचीवर. मग दोन्ही हात जोडले.

"तुम्ही माझ्याआधीच पोचलासा व्हय?" हे म्हणाले.

मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. आम्ही चौघं होतो. मी पाच कप काढले.