अस्वल, बुढीचं टोपलं अन् माही साक्ष

आमच्या गावात रविवारी टिनाच्या छपरीत प्रार्थना होते. गोंडपिपरीकून पास्टर मोटरसायकलनं येते. वाचन झालं का मंग साक्ष. म्हंजे देवानं ज्याले संकटातून काहाडलं, त्यानं उभं राहून साऱ्याईले सांगाचं. कोनाचा ताप उतरला, कोनाचं लेकरू विहिरीतून जितं निंघालं. माह्यापाशी सांगासारखं काईच नव्हतं. देवानं मले तवापर्यंत फक्त बायकोच्या तोंडातून वाचवलं, तेई अर्धमुर्ध.

मंग चैतात अस्वल आलं.

मोहफूल रातभर गळते, पहाटेच वेचा लागते. ज्याचं झाड त्यानंच वेचाचं, हा गावचा कायदा. माह्या झाडाच्या बाजूले शेजारच्या बुढीचं झाड. एकटी बाई. मोह देऊन दुकानातून तांदूळ आनते, त्याच्यावरच तिचं पोट. त्या दिवशी मी टोपलं भरून उठलो तं समोर अस्वल. मी झाडावर चढलो. अस्वल झाडावर चढते हे मले लहानपनापासून माहीत हाये, पन पायाले कोन सांगन? वर बसून देवाचा धावा केला अन् लुंगी ओली केली.

बुढी पळाली नाई. तिनं आपलं भरलेलं टोपलं अस्वलापुढं उलटं केलं अन् मांगं सरकत सरकत, जनावर हाकलासाठी संगं आनलेला टिनाचा डबा बडवत राह्यली. अस्वल फुलाईवर बसलं. तेवढ्यात मी उतरून पळालो. माहं टोपलं घेऊन पळालो, बरं का. तेवढी अक्कल जाग्यावर होती.

त्या रविवारी पास्टरनं मान्नाचं वाचलं. मिसर देशातून देवानं सोडवून आनलेले लोकं रानात उपाशी, तं देवानं पहाटे भुईवर मान्ना म्हनून खायाचं पाडलं. ज्यानं लय वेचलं त्याले उरलं नाई, ज्यानं थोडं वेचलं त्याले कमी पडलं नाई.

"मोहावानीच म्हना की," कोनीतरी बोललं. साऱ्याईले पटलं.

मले जोर चढला. उठलो अन् सांगतलो, "मी देवाचं नाव घेतलो, अन् अस्वल मान खाली घालून वापस गेलं." बायाईनं हालेलूया म्हटलं. पास्टरचे डोळे भरले. बुढी मांगं भिंतीले टेकून बसली होती. तिच्याकडं पाह्याची माही हिंमत झाली नाई.

माह्यामांगून बुढी उठली. "माहं टोपलं सांडलं होतं. घरी तांदूळ नव्हता. सांजच्याले याच्या बायकोनं पेज आनून देल्ली. देवाचे उपकार." एवढं बोलून बसली. अस्वलाचं नाव नाई, माहं नाई.

घरी जाताना मी बायकोले म्हटलो, "तू पेज कवा देल्ली? अन् तुले कोन सांगतलं?"

"लुंगी कोन धुतली?" बायको म्हने. "वल्ली पाहून बुढीलेच जाऊन इचारलं. तू बोलून राह्यला तवा मले वाटलं, त्या अस्वलासंगंच रानात निंघून जावं."

रातभर झोप नाई. पुढच्या रविवारी पुन्हा उठलो अन् सारं खरं सांगतलो. झाड, लुंगी, बुढीचा डबा, माहं टोपलं. छपरी हासून हासून लोटपोट. पास्टर रुमालानं डोळे पुसे. मी म्हटलो, "अजी, मी मजाक नाई करून राह्यलो," तं आनखी हासले. जनमभर लोकाईले हासवलो, त्याचं हे फळ. बुढी तेवढी हासली नाई.

बाहीर चपला घालताना मी तिच्यापाशी गेलो. "बाई, मले माफ कर."

"खोटं सांगतला तं साऱ्याईनं मानलं, खरं सांगतला तं हासले," बुढी म्हने. "आता चूप राय. उद्या पहाटे येजो. माही कंबर धरली हाये."

तवापासून पहिले तिच्या झाडाखाली वेचतो, मंग माह्या. बुढी डबा घेऊन दगडावर बसते. रानात पाचोळा वाजला का मी देवाचं नाव घेतो, पन नजर पहिले तिच्या डब्याकडंच जाते.