तंजावुरातला स्वेटर

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी तंजावुरजवळच्या पापनाशमच्या बसथांब्यावर उभी होते आणि हातातल्या पिशवीत तिचा स्वेटर होता. चित्रै महिन्याचं, ऐन उन्हाळ्याचं ऊन डोक्यावर, आणि आजारानं खंगलेल्या अक्काला मात्र इस्पितळात हुडहुडी भरत होती, म्हणून तो धुऊन, वाळवून नेत होते. बस आली, मी चढले. दुसरं काय करणार होते...

तंजावुरात स्वेटर कशाला, असं कुणीही विचारेल. माझी ही थोरली बहीण इथल्या एका कॉलेजात उंदरांवर प्रयोग करायची. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत सगळे घामानं निथळायचे आणि ही बाई दुपारभर थंड खोलीत, तो करडा स्वेटर घालून बसायची. काही उंदरांना चरबीचं खाणं, काहींना साधं. मग सगळ्यांना गारठ्यात ठेवून त्यांच्या यकृताचं काय होतं ते पाहायचं. घरी आली की स्वेटरला त्या खाण्याचा खवट वास यायचा. आम्ही नाक मुरडायचो, ती हसायची.

माझ्याच यकृतावर चरबी आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मी निर्धास्त होते. जाणकार तर घरातच होती. मार्गळीत, ऐन थंडीच्या महिन्यात, आमच्याकडे पहाटे विहिरीच्या गार पाण्यानं आंघोळ आणि त्यावर तुपात पोहणारं पोंगल, हा पिढ्यांचा रिवाज. माझा तर्क सरळ होता. थंडीनं चरबी जळते, तेव्हा कुडकुडत आंघोळ केली की तूप माफ.

"कोण सांगटलं तुज?" अक्का आमच्या तंजावुरी मराठीत म्हणाली. "थंडी लागली की आंग साठलेली चरबी सोडते. ती अस्की, सगळीच्या सगळी, जळत नाही, थोडी यकृताच्याच दारी येते. माझ्या काही उंदरांचं यकृत हलकं झालं, काहींचं आणखी जड. तुझं काय होईल, मज कसं ठाऊक? तूप कमी कर, पैत्यम, वेडे कुठली."

ती स्वतः तुपाला शिवत नसे. पण लहानपणीच्या काविळीनं कधीतरी आत घर केलं होतं, आणि ते कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. तूप मी खाल्लं, यकृत तिचं गेलं. हा न्याय मला अजून पटलेला नाही. देवाचा राग येतो, तो येऊ देते.

गेल्या मार्गळीत ती आली, डोळे पिवळे झालेले. स्वयंपाकघरात पाट घेऊन बसली आणि म्हणाली, "मजही तूप घाल." माझा चमचा अडला. "घाल गं. माझं यकृत आता कोण वजन करून बघणार?" मी वाढलं. तिनं दोन घास खाल्ले, डोळे मिटून. मग मी माझ्या पानात तूप घ्यायला गेले तर तिनं माझं मनगट धरलं. हात बर्फासारखा गार होता, पण पकड घट्ट.

तेराव्याला तिचे कपडे दिले. स्वेटर तेवढा कुणी घेईना. "या उन्हात हे घेऊन काय करू, अम्मा?" म्हणत गुरुजींनीही तो हळूच माझ्याकडं सरकवला. आता तो स्वयंपाकघराच्या दारामागं खुंटीला आहे. सकाळी मी तुपाचं भांडं उचलते, तिकडं बघते, भांडं परत फळीवर ठेवते. मग स्वेटरात नाक खुपसून तो खवट वास शोधते... मीच धुतला होता. साबणाचाच वास येतो.