आईसाठी थांबलेली एसटी
लिंबाच्या सालीचा वास आला की टोकावड्याची ती एसटी आठवते. केमो घेऊन आलेल्या आईला मी मुरबाडहून घरी नेत होते. वाटेत तिला उलट्या सुरू झाल्या आणि ड्रायव्हरने गाडी थांबवली. सगळ्यांसमोर आईला रडूच कोसळलं. "आपण उतरू गो, लोकांचा खोळंबा नको," ती म्हणाली. तेव्हा एक म्हातारा काठी टेकत उठला. "तू पड जरा, बाय. आमीच उतरतो." त्याच्यामागून सगळी गाडी रिकामी झाली. जाताना एका बाईने माझ्या हातात लिंबू ठेवलं. आई बाकावर आडवी झाली, आणि ती माणसं खाली उन्हात, गाडीकडे पाठ करून उभी राहिली. आई आता ठणठणीत आहे. त्यांची नावं विचारायची राहिली, म्हणून टोकावड्याच्या बाजारात दिसेल त्या म्हाताऱ्याला मी हात जोडते.