आठ आण्यांचा वन्समोअर

परवा नातीनं मला सिनेमाला नेलं. तिकीट तीनशे रुपये! खुर्ची अशी, की पाय पसरले तर झोपच लागावी. मी तिला विचारलं, "एवढे पैसे मोजलेत, तर गाणं आवडलं की वन्समोअर म्हणायचं का गं?" ती घाईघाईनं म्हणाली, "आजी, प्लीज!" घ्या! तीनशे रुपये देऊन वर तोंड बंद.

आमच्या लहानपणी पेणला चार आण्यांत जमिनीवर बसून संगीत नाटक बघायला मिळायचं, आणि वन्समोअरचा हक्कही त्यातच. माझ्या नशिबी मात्र तो नव्हता. बाबा शिवणकाम करायचे आणि नाटकाला पेटीची साथ द्यायचे, म्हणून आम्हाला पास. बाबांचा दंडक असा, की फुकट बसणाऱ्यानं वन्समोअर मागायचा नाही, ते तिकीट काढणाऱ्याचं काम. अस्सा राग यायचा मला! मग घरी येऊन सगळी पदं मी स्वतःलाच पुन्हापुन्हा म्हणून दाखवायची.

त्या पदांनीच पुढे घोळ केला. लग्न होऊन मी रोह्याजवळच्या अष्टमी गावात आले, शेतकऱ्याच्या घरात. नदीच्या पुलापलीकडे रोह्यातली हौशी मंडळी दरवर्षी संगीत नाटक बसवायची, आणि त्यात बाईचं काम पुरुषच करायचा. एका वर्षी त्या गृहस्थांचा आवाजच बसला, आणि प्रयोग पंधरा दिवसांवर. मंडळी आमच्या घरी आली. "वहिनी गातात म्हणे." हे लगेच हो म्हणून मोकळे! सासूबाई तांदूळ पाखडत होत्या. सुपावरची नजर न हलवता त्या एवढंच म्हणाल्या, "तुझं तू बघ गो."

पुढे पंधरा दिवस त्यांनी नाटकाचं नावही काढलं नाही. आळीतल्या बायका मात्र मला ऐकू येईल असं बोलायच्या, "सून नाचणार हाय म्हनं." मला वाटायचं, सासूबाईंनी एकदाचं रागावून तरी घ्यावं! यांच्याबरोबर पूल ओलांडून तालमीला जाताना मनात एकच असायचं. माझ्यामुळे सासूबाईंना चारचौघांत मान खाली घालावी लागली, तर पुन्हा गायचं नाही. ठरवलंच होतं मी.

घरच्यांसाठी दोन पास मिळाले, पहिल्या रांगेतल्या दोन रुपयांच्या खुर्च्यांचे. सासूबाईंचा पास मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो मिठाच्या बरणीखाली ठेवला आणि भाकऱ्या थापायला बसल्या.

प्रयोगाच्या दिवशी पडद्याच्या फटीतून बघते तर काय, हे एकटेच बसलेले आणि शेजारची खुर्ची रिकामी! पहिलं पद कसं म्हटलं, ते माझं मला माहीत. पद संपलं आणि सगळं चिडीचूप. टाळी नाही, काही नाही. संपलं आपलं गाणं, असं मनाशी म्हणतेय, तेवढ्यात पार मागून, आठ आण्यांच्या तिकिटावर जमिनीवर बसलेल्या बायकांतून खणखणीत हाक आली, "वन्समोऽर!"

तो आवाज मी रोज ऐकत होते. याच आवाजात सासूबाई बांधावरून शेतातल्या माणसांना जेवायला बोलवायच्या. अगं बाई, जीव भांड्यात पडला माझा! मग बायका ओरडल्या, बाकांवरचे ओरडले, शेवटी खुर्च्यांवरचे मानकरीसुद्धा. तीनदा म्हटलं ते पद. तिसऱ्यांदा डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण सूर हलला नाही.

घरी येताना पुलावर मी त्यांना विचारलं, "आई, पास होता ना तुमच्याजवळ? मग खाली कशाला बसलात?"

"पासावर बसल्याली सासू वरडली असती, तर कोनी खरं मानलं असतं गो?" त्या म्हणाल्या. "म्हनून तिकीट काढलं."