सुरतेहून आलेली तार

नंदुरबारच्या रेल्वे मालधक्क्यावर माझ्या शेजारच्या टेबलावर एक कारकून होते. रोज एक अवघड इंग्रजी शब्द पाठ करायचे आणि आम्हाला पिडायचे. आधी उच्चार, मग अर्थ, मग त्या शब्दाचं एक वाक्य. वाक्यात घातल्याशिवाय शब्द आपला होत नाही, म्हणायचे.

तारा इंग्रजीत यायच्या, म्हणून गाव त्या घेऊन यांच्याकडेच यायचं. "दादा, काय लिखेल शे?" एखादी म्हातारी अहिराणीत विचारायची, आणि तिचा मुलगा गेल्याची तार असली तरी हे आधी उच्चार समजावायचे. मला त्यांची चीड यायची.

एका दुपारी त्यांच्याच नावाची तार आली. मुलगी सुरतेला दिलेली, बरेच दिवस आजारी होती. त्यांनी ती उघडली नाही. माझ्यापुढे सरकवली.

"तुम्ही वाचा."

मी अडखळत वाचलं, "डॉटर एक्सपिर्ड."

"एक्सपायर्ड," ते म्हणाले. "उच्चार नीट करा."

मग त्यांनी तार स्वतःकडे ओढून घेतली.

"म्हणजे, मरी गयी."

कचेरीत त्यांच्या तोंडून अहिराणी मी पहिल्यांदाच ऐकली. सवयीने मी वाक्याची वाट पाहत राहिलो.